पॅड शिवायच्या आधी दोरी बघा

कापडी पॅड विकत घेऊ की शिवू, सुती की बांबूचे, बटणवाले की नुसते घडीचे, असं कोणी विचारलं की मी आधी एकच उलटा प्रश्न विचारते: वाळत कुठे घालणार? समोरची जरा हिरमुसतेच, कारण तिच्या डोक्यात फुलाफुलांचं मऊ फ्लॅनेल असतं आणि मी एकदम कपड्याच्या दोरीवर येऊन बसलेली असते. पण खरं सांगू का, शिवणं हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. जिला उशीचा अभ्रा शिवता येतो तिला पॅड शिवता येतं. अडतं ते पुढे. भिजवायची बादली कुठे ठेवायची, कधी पिळायचं, ऊन कुठल्या खिडकीत येतं, त्या खिडकीसमोर दिवसभर कोण बसलेलं असतं, आणि ओलं पॅड टॉवेलखाली दडवून वाळत घालायची वेळ येणार असेल तर मग ते खरंच वाळणार का.

हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाही. २०१८ साली ओडिशातल्या हॉस्पिटलांमध्ये आलेल्या बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात परत वापरायचं कापड घराच्या आत वाळवणं आणि संडास-बाथरूममध्ये लपवून ठेवणं या दोन गोष्टींचा योनीमार्गातल्या बुरशीच्या इन्फेक्शनशी संबंध दिसला. परत वापरायचं कापड वापरणाऱ्यांमध्ये मुळातच याच इन्फेक्शनचं प्रमाण जास्त होतं, तेही लपवायचं कारण नाही. पण मला त्यातून कळलेली गोष्ट ही की अर्धं भांडण कापडाशी नाहीच, दमट अंधाराशी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या संयुक्त कार्यक्रमाने २०१२ मध्ये पाळीतली स्वच्छता म्हणजे नेमकं काय ते मांडलं, त्यातही अमुकच वस्तू वापरा असं कुठे नाही. स्वच्छ साहित्य, ते हवं तेवढ्या वेळा एकांतात बदलायची मुभा, साबण-पाणी, आणि वापरलेल्याची विल्हेवाट लावायची सोय, एवढंच. एकांत हा शब्द त्यात आहे हे मला फार आवडलं, कारण पॅडच्या जाहिरातीत सगळं असतं, एकांत नसतो.

तर दोरी आहे, ऊन आहे किंवा निदान खेळती हवा आहे असं धरू आणि मग कापडाकडे वळू.

पॅडला नक्की किती काम करायचंय हे आधी समजून घेतलं ना की निम्मी भीती जाते. एका पूर्ण पाळीत सरासरी ३० ते ४० मिली रक्त जातं. पूर्ण पाळीत हं, एका दिवसात नाही. डॉक्टर ८० मिलीच्या वर गेलं की जास्त म्हणतात. आता आपल्याला दिसतं त्यात रक्ताशिवाय इतर स्रावही असतात त्यामुळे प्रत्यक्ष ओलं होणारं यापेक्षा जास्त असतं, पण तरी ते काही घागरीभर नसतं. मी नवीन पॅड शिवलं की औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण घेते, त्याने ३० मिली पाणी हळूहळू पॅडच्या मध्यावर ओतते, मिनिटभर थांबते आणि मग खाली कोरडा कागद ठेवून वरून तळव्याने दाबते. कागद ओला झाला नाही तर पॅड पास. पाणी वरच्या वर पसरून कडेने वाहिलं तर वरचं कापड चुकीचं, पाणी आत गेलं पण दाबल्यावर परत वर आलं तर आतलं चुकीचं. बाजारातून आणलेल्या पॅडचीही हीच परीक्षा घ्यावी, पाकिटावर काय लिहिलंय ते नंतर वाचावं.

पॅडमध्ये तीन गोष्टी असतात, अंगाला लागणारा वरचा थर, मधला शोषणारा गाभा, आणि पाठ. वरच्या थराला माझं मत विचाराल तर सुती फ्लॅनेल किंवा जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या टी-शर्टचं होजियरी कापड. नवीन कडक कापडापेक्षा जुनेर बरं, फक्त विरलेलं नको, नाहीतर चार धुण्यात भोकं. गाभ्याला फ्लॅनेलचेच चार-सहा थर चालतात, टर्किश टॉवेलचे दोन चालतात पण टॉवेल वाळायला भयंकर वेळ खातो. हेम्प म्हणजे भांगेच्या खोडाचं कापड खूप शोषतं पण हळू शोषतं, म्हणून ते खाली आणि पटकन पिणारं सुती वर असं ठेवायचं. आणि कुठलंही सुती कापड किंवा हेम्प बेतायच्या आधी धुऊन घ्यायचं म्हणजे घ्यायचं, ते आटतं, आणि शिवल्यावर आटलं की पॅड बोटीसारखं वाकडं होऊन बसतं. कोऱ्या, न धुतलेल्या कापडात नैसर्गिक तेलं पण असतात, ती निघेपर्यंत ते नीट पाणीच पीत नाही, दोन-तीनदा धुवावं लागतं.

मायक्रोफायबर, म्हणजे गाडी पुसायची ती फडकी, कोणीतरी सुचवतंच. शोषतं भरपूर आणि पटकन. पण दाबलं की सगळं परत सोडतं, आणि आपण पॅडवर बसतो, दुसरं काय करतो. शिवाय ते थेट अंगाला लागलं तर त्वचेतला ओलावाही ओढून घेतं. आत घातलं तर घाला, वर अजिबात नको.

बांबूचं एक मोठं प्रकरण आहे. बांबू म्हटलं की हिरवीगार पानं डोळ्यासमोर येतात, प्रत्यक्षात बहुतेक बांबूचं कापड म्हणजे बांबूच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेलं व्हिस्कोस, म्हणजे एक प्रकारचं रेयॉनच असतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये चार कंपन्यांवर नेमक्या याच कारणासाठी कारवाई केली होती, की तुम्ही रेयॉन विकताय आणि लेबलवर बांबू लिहिताय, वर जंतू मारतं म्हणून सांगताय, ते बंद करा. कापड म्हणून ते वाईट नाही, मऊ आहे, शोषतं, माझ्याकडेही आहे. फक्त त्याच्यात जंतू मरतात या भरवशावर धुण्यात ढिलाई करायची नाही. चारकोलवाल्या राखाडी पॅडचंही तेच, बहुतेकदा ते पॉलिस्टर असतं आणि त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे डाग दिसत नाहीत. हा गुण कधी अवगुण होतो ते पुढे सांगते.

पाठीला पीयूएल वापरतात, म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाला एका बाजूने पॉलीयुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. ते पाणी अडवतं आणि तरीही प्लास्टिकच्या पिशवीसारखं घामाने चिकचिकत नाही. चकचकीत बाजू आत, कापडाची बाजू बाहेर, म्हणजे चड्डीकडे. शिवताना याचे नखरे असतात. टाचणी टोचली की जे भोक पडतं ते पडतंच, म्हणून टाचण्यांऐवजी क्लिपा लावायच्या, अगदी कपडे वाळत घालायच्या छोट्या चिमट्या पण चालतात. दोरा पॉलिस्टरचा घ्यायचा, सुती दोरा वातीसारखा ओल ओढून बाहेर आणतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधोमध ती छान समांतर टीप मारलेली असते ना, गाभा सरकू नये म्हणून, ती पाठ जोडायच्या आधी मारायची. म्हणजे वरचा थर आणि गाभा एवढंच आधी एकमेकांना शिवून टाकायचं, मग पाठ उलटी वर ठेवायची, कडेने टीप मारायची, मागच्या बाजूला चार बोटं जागा सोडायची, त्यातून सगळं सुलटं करायचं. पंखांच्या, म्हणजे चड्डीखाली दुमडायच्या बाजूच्या पट्ट्यांच्या, टोकाशी सुलटं करताना कात्रीचं टोक घालायचा मोह होतो, पेन्सिलीची बोथट बाजू घाला, पीयूएल फाटत नाही. सुलटं केल्यावर कडेकडेने एक टीप, त्यातच ती सोडलेली जागाही बंद होते. एवढं केलं की पॅडच्या मधल्या भागात पाठीला एकही भोक नसतं. मी बाजारात कापडी पॅड हातात घेतलं की पहिलं उलटं करते, मधोमध पाठीवर टिपा दिसल्या तर सरळ परत ठेवते, मग वरचं कापड कितीही गोड असो.

पीयूएल नकोच असेल तर दाट विणीचं लोकरीचं कापड किंवा जाडसर फ्लीस पण चालतं, ते पूर्ण पाणी अडवत नाही, थोपवतं. हलक्या दिवसांना पुष्कळ झालं.

पंख हा शब्द वाचून हसू नका, त्याच्यामागे बराच घाम गाळलेला आहे. अमेरिकेत १८९० च्या दशकातच कारखान्यात केलेले पॅड विकायचा प्रयत्न झाला, पण दुकानात जाऊन मागायचं कसं या लाजेने ते खपलेच नाहीत. पहिल्या महायुद्धात लाकडाच्या लगद्याचा जो सेल्युकॉटन जखमांवर बांधायला वापरत होते तो नर्सेसनी स्वतःसाठी वापरून बघितला, आणि १९२० मध्ये त्याचेच कोटेक्स पॅड बाजारात आले. दुकानदार पुरुषाशी बोलायला लागू नये म्हणून काउंटरवर पॅडची पाकिटं आणि शेजारी पैसे टाकायचा डबा, अशी व्यवस्था करावी लागली. तरी ते पॅड जागेवर राहायचं कसं, तर कमरेला पट्टा आणि त्याला पुढे-मागे अडकवायचं. मेरी केनर या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधक बाईंनी त्या पट्ट्यात सुधारणा करून १९५६ मध्ये पेटंट मिळवलं, एका कंपनीने रस पण दाखवला होता आणि त्या कोण आहेत ते कळल्यावर माघार घेतली. मागे चिकटपट्टी असलेले पॅड यायला १९७० उजाडलं म्हटलं तरी चालेल.

कापडी पॅडला चिकटपट्टी नाही म्हणून पंख आणि टिचबटण. चड्डीच्या खालून दोन्ही पंख आणून बटण लावायचं. लावल्यावर रुंदी साधारण सहा-सात सेंटीमीटर असावी, जास्त झाली तर मांड्यांना घासतं, कमी झाली तर पॅड पन्हळीसारखं वळतं. बटणं दोन घरांची ठेवा, कारण सगळ्या चड्ड्या सारख्या नसतात. धातूचं टिचबटण आतल्या मांडीला टोचतं आणि गंजतंही, प्लास्टिकची येतात ती लावायला पक्कडसारखं एक हत्यार लागतं पण ते घ्याच. आणि पॅड पुढे-मागे सरकतं ही जी सगळ्यांची तक्रार आहे तिचं उत्तर बहुतेक वेळा पॅडमध्ये नसतं, सैल चड्डीत असतं.

आता परत दोरीवर येते. जाडजूड शिवलेलं पॅड बाहेरून कोरडं लागतं आणि आतून दमट असतं, हाताला कळत नाही, गालाला लावलं की गार लागतं तेव्हा कळतं. जिथे ऊन कमी तिथे म्हणून मी शिवलेल्या पॅडचा आग्रह सोडून देते आणि घडीचं सांगते. म्हणजे काय, पाठ आणि पंखांचं पातळ कव्हर वेगळं, त्याच्यावर दोन्ही टोकांना एकेक आडवी पट्टी, आणि त्या पट्ट्यांखाली अडकवायला एक मोठा चौकोनी रुमाल, तीन घड्या घालून. हलका दिवस असेल तर पातळ कापड, जास्त असेल तर दोन रुमाल. बदलताना कव्हर खराब झालेलं नसेल तर नुसता रुमाल बदलायचा. धुताना तो उलगडतो, एकेरी कापड झटकन स्वच्छ होतं आणि झटकन वाळतं. आणि दोरीवर तो रुमालच दिसतो! कोणाला काही पत्ता लागत नाही. लपवावं लागू नये हे तत्त्व मला मान्य आहे, पण सगळ्यांच्या घरात तत्त्वं दोरीवर वाळत घालता येत नाहीत, आणि ज्या मुलीला आज उन्हात वाळवायचंय तिला आज चालेल असं काहीतरी हवं. हा प्रकार दिसायला काही खास नाही म्हणून त्याचे फोटो कोणी टाकत नाही, सगळीकडे आपले बटणवाले छापील पॅडच.

धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला तेव्हा तिने फोन केला, "ताई, तुझ्यासारखे पॅड मला पण शिवून दे ना, बाळंतपणानंतर लागतील." मी म्हटलं, "अगं, माझ्यासारखे नकोत तुला, ते वेगळंच काम आहे." आणि खरंच वेगळंच आहे, फक्त मोठं पॅड शिवलं की झालं असं समजू नका.

पाळीत चार-पाच दिवसांचा मामला असतो. बाळंतपणानंतर जे अंगावरून जातं, डॉक्टर लोकिया म्हणतात, ते चार ते सहा आठवडे चालतं. वार सुटून आल्यावर गर्भाशयाच्या आत जवळजवळ आठ-नऊ सेंटीमीटरची उघडी जखम राहिलेली असते, ती भरतेय, आणि साधारण एक किलोचं झालेलं गर्भाशय सहा आठवड्यांत पुन्हा मुठीएवढं, ६०-७० ग्रॅमचं होतंय, असं सगळं आत सुरू असतं. पहिले तीन-चार दिवस लाल आणि भरपूर, मग गुलाबीसर तपकिरी, मग पिवळट-पांढरं. बाळाला पाजायला घेतलं की ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे गर्भाशय आकसतं, पोटात कळ येते आणि एकदम जास्त जातं. बराच वेळ आडवं राहून उठलं की साचलेलं एकदम खाली येतं, त्यात पहिल्यांदा घाबरायला होतं. आणि सिझेरियन झालं म्हणजे हे नसतं असं पुष्कळ जणींना वाटतं, तसं काही नाही, जखम आत असतेच, जातंच. उलट सिझेरियनमध्ये चड्डीचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर येतं, म्हणजे उंच कमरेची, सैल इलॅस्टिकची चड्डी आधी घ्यावी लागते आणि मग तिच्या मापाने पॅड.

या काळात आत काही घालायचं नसतं, टॅम्पॉन नाही, पाळीचा कप नाही, डॉक्टर बघून हो म्हणेपर्यंत, इन्फेक्शनच्या भीतीने. म्हणजे पॅडला पर्याय नाही. लांबी ३५ ते ४० सेंटीमीटर, मागे रुंद, आणि टाके असतील तर वरचा थर सगळ्यात मऊ, मधोमध टीप तर अजिबातच नको. पाळीच्या पॅडवर ती मधली टीप मला आवडते, पण खालच्या टाक्यांवर ती दोऱ्याची बारीक वळी किती बोचते ते तिथे टाके असलेल्या बाईलाच विचारा. गाभा नुसता कडेने अडकवायचा. प्लास्टिकच्या जाळीच्या पॅडपेक्षा सुती कापड तिथे खरंच बरं वाटतं, आणि कापडाचा एक फायदा म्हणजे ओलं करून गार करून ठेवता येतं, मधे एक कोरडा थर घालून दहा मिनिटं ठेवलं की सूज असलेल्या जागेला आराम पडतो. हे आपल्या नर्सला विचारून करावं.

आणि रंग. मघाशी राखाडीचं म्हटलं ते हे. बाळंतिणीच्या पॅडचा वरचा थर पांढरा नाहीतर फिका घ्यायचा. बहिणीला गडद जांभळं हवं होतं, डाग दिसू नयेत म्हणून, मी ऐकलं नाही. कारण या सहा आठवड्यांत डाग दिसायलाच हवेत. लालचं तपकिरी झालं का, तपकिरीचं फिकं झालं का, आणि फिकं झालेलं परत लालभडक का झालं, हे बघूनच कळतं की आतली जखम नीट भरतेय की बाई उगाच जास्त धावपळ करतेय की काही बिघडलंय. तासाभरात पॅड पूर्ण भरलं आणि पुढच्या तासालाही तसंच झालं, मोठमोठ्या गाठी पडल्या, घाण वास यायला लागला, ताप आला, चक्कर आली, की पॅडबिड सोडून डॉक्टरकडे. काळ्या पॅडवर यातलं काय दिसणार? विकत मिळणाऱ्या बाळंतपणाच्या कापडी पॅडमध्ये मला गडद रंगच जास्त दिसतात आणि दर वेळी चिडचिड होते. डाग न दिसणं ही सोय त्या पॅडचे फोटो काढणाऱ्याची आहे. पाळीच्या पॅडला काळा, मरून, हवा तो घ्या.

मग मी तिला तोच प्रश्न विचारला, वाळत कुठे घालणार, आणि त्याच्या आधी, धुणार कोण? पाळीचे पॅड आपण आपले धुतो. बाळंतीण बादलीसमोर बसून पॅड चोळतेय हे चित्र मला सहनच होत नाही, आणि धुवायला कोणी नसेल तर मी सरळ सांगते की पहिले दहा-बारा दिवस विकतचे वापरून फेकायचे पॅड घे, अपराधी वाटून घेऊ नको, कापडी तिसऱ्या आठवड्यात काढ, तेव्हा स्राव पण कमी झालेला असतो आणि रोजच्या लाइनरला, म्हणजे अगदी पातळ पॅडला, कापड म्हणजे सुख आहे. कापडाचा अट्टहास करून बाईने टाक्यांवर उकिडवं बसायचं, हे कुठल्या पर्यावरणात बसतं मला माहीत नाही.

बहिणीचा नवरा म्हणाला मी धुईन. आणि धुतलेही, अगदी नीट, वेळच्या वेळी. फक्त काही दिवसांनी तिचा फोन, "ताई, तुझे पॅड गळायला लागले, वरच्या वर राहतंय सगळं." मी गेले, एक धुतलेलं कोरडं पॅड घेतलं, त्यावर चार थेंब पाणी टाकलं, तर थेंब तसेच गोल, अळवावरचं पाणी म्हणतात ना तसे, पॅड तिरकं केलं की घरंगळत जातात. भाऊजींनी प्रेमाने सॉफ्टनर घातला होता. मऊ राहावेत म्हणून! सॉफ्टनर धाग्यावर मेणचट थर देतो, त्यानेच कपडा मऊ लागतो आणि त्यानेच तो पाणी प्यायचा थांबतो. "अहो, मला वाटलं टाक्यांना लागू नये," असं ते म्हणाले, त्यावर काय बोलणार. नुसत्या कोमट पाण्यात, मग थोड्या पावडरीत, मग परत नुसत्या पाण्यात असं करत करत तो थर काढला त्यांनी.

तर धुणं. पहिलं पाणी गार, याच्यावर तडजोड नाही. रक्तातली प्रथिनं गरम पाण्याने गोठून धाग्यात पक्की बसतात, मग तो डाग त्या पॅडबरोबरच जातो. गार पाण्यात भिजवायचं, पाणी लाल झालं की ओतून टाकायचं, परत नवीन, पाणी साधारण स्वच्छ येईपर्यंत. रात्रभर भिजवायचं असेल तर ठीक, पण तेच पाणी दोन-दोन दिवस ठेवून झाकण उघडलं की जो वास येतो त्याने कापडी पॅडवरचा विश्वास कायमचा उडतो, आणि त्यात कापडाचा काहीच दोष नसतो. त्यापेक्षा गार पाण्याने खळबळून कोरडं करून ठेवलेलं बरं. मग नेहमीची पावडर, बेताने. पावडर जास्त झाली तर ती धाग्यात राहते आणि खाज येते, आणि बाई म्हणते मला कापड सहन होत नाही. डागावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फसफसतं, रक्तातल्या कॅटालेज नावाच्या एन्झाइममुळे त्यातून ऑक्सिजन सुटतो, डाग निघतो, पण रंगीत कापडाचा रंगही जाऊ शकतो, आधी कोपऱ्यात बघा. क्लोरीनचं ब्लीच आणि उकळतं पाणी पीयूएलला सोसत नाही, पापुद्रा सुटायला लागतो. उकळायचेच असतील तर वर सांगितले ते घडीचे रुमाल उकळा, कव्हर नको. फिका पिवळट डाग राहिला तर राहू द्या, डाग म्हणजे घाण नाही, उन्हाने तो बराचसा उडतोही.

कापडाची एक गोष्ट मी कोणाला गोड करून सांगत नाही. फेकायच्या पॅडमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड असते, ती ओल शोषून तिचं जेल करून टाकते, म्हणून वर कोरडं लागतं. कापडात असलं काही नाही, ओलं ते ओलं लागणार. काहींना त्याचा त्रास होतो, काहींना उलट तेच बरं वाटतं कारण कधी बदलायचं ते कळतं. भरलं नसलं तरी चार-सहा तासांनी बदलायचंच. वर पातळ फ्लीस लावला तर जरा कोरडं वाटतं, पण उकाड्यात तोच नकोसा होतो. पर्यावरणाचं म्हणाल तर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा यावर एक अहवाल आला, त्यात सगळ्यात कमी भार कपचा निघाला, परत वापरायचे पॅडही फेकायच्यांपेक्षा बरे, पण त्यांचा भार धुण्यावर ठरतो. म्हणजे दोन पॅडसाठी गरम पाण्याचं अख्खं मशीन फिरवलं तर हिशोब बिघडतो. इतर कपड्यांबरोबर टाका, गार पाण्यात आधी काढलेले असले की काही होत नाही.

किती लागतात तर एका बाईला पाळीसाठी दहा-बारा पुरतात, जर रोजचे रोज धुतले आणि दिवसभरात वाळले तर. बाळंतपणाला पंधरा-वीस. पण एकदम शिवत बसू नका. दोन शिवा, दोन वेगवेगळ्या घडणीचे, एक पाळी बघा, कुठे सरकतं, कुठे गळतं, किती वेळात वाळतं, मग पुढचे बेता. बाळंतपणाच्या बाबतीत ही चैन नसते, म्हणून ते सातव्या-आठव्या महिन्यात शिवून, धुऊन, वाळवून तयार ठेवायचे, आणि सगळे त्याच मापाचे नकोत, अर्धे मोठे आणि अर्धे मधले. मोठे नंतर वाया जात नाहीत, पाळी परत सुरू झाली की रात्रीला तेच लागतात. मैत्रिणीला वापरलेले द्यायचे का असं बहिणीने विचारलं, मी म्हटलं नको, रक्ताच्या वस्तू आपल्या आपल्याकडे, तिला नमुना आणि उरलेलं कापड दे.

पॅड गेलं हे पाठीवरून कळतं. पीयूएलचा पापुद्रा आत सुरकुतायला लागतो, बोटांनी चोळलं की सुटं सुटं लागतं, आणि मग नेमकं तिथूनच झिरपतं. तेव्हा अख्खं पॅड फेकायची गरज नसते. कडेची टीप उसवायची, वरचा थर आणि गाभा एकमेकांना शिवलेलेच असतात, ते बाजूला काढून धुऊन घ्यायचे, नवीन पाठ बेतून परत तसंच उलटं ठेवून शिवायचं. बटणं मात्र जुन्या पाठीबरोबर जातात, ती नवीन लावावी लागतात, आणि ती पक्कड गेल्या वेळी कुठे ठेवली ते शोधण्यात शिवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.